लाल फडक्यातली नियमावली

पांढुर्ण्याच्या आमच्या जिनिंग कंपनीची नियमावली लाल फडक्यात गुंडाळून असायची, अन् दसऱ्याला मशीनसोबत तिलाही हळदकुंकू लागायचं. हसू नका! इंग्रजांच्या काळात माझ्या बाबांनी गावोगावच्या कापूस पिकवणाऱ्या कास्तकारांना भागीदार करून कंपनी काढली, तेव्हाचा तो कागद. त्यात लिहिलं होतं, बाबा जिवंत असेपर्यंत अध्यक्ष तेच.

मग देश स्वतंत्र झाला, नवा कंपनी कायदा आला, नागपूर मुंबई राज्यात गेलं अन् आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. कंपनीचे वकील म्हणाले, जुनी नियमावली अख्खीच बाजूला ठेवून नवी स्वीकारता येते. सगळ्यांना आधी नोटीस द्यायची, सभा घ्यायची, विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूने पडली की झालं. मी थक्कच झाले. राज्यं बदलायला दिल्ली लागते, अन् आमचा कारभार बदलायला नुसते हात! पण नव्या मसुद्यात अध्यक्ष दरसाल निवडायचा होता. म्हणजे बाबांची खुर्ची जाणार. आई गेल्यावर त्या खुर्चीशिवाय त्या माणसाला होतं काय? माझ्या नावावर कंपनीचे थोडे भाग होते, म्हणून मीही सभेला गेले, ते ठरवूनच की आपण काही हात वर करायचा नाही.

टेबलावर लाल फडकं ठेवलेलं. वकिलांनी ठराव वाचला अन् म्हणाले, "मंजूर असेल त्यांनी हात दाखवा." हात वर करायचे सोडून सगळ्यांनी त्या फडक्याकडे बघून हात जोडले! रामाकोना गावच्या एका म्हाताऱ्या कास्तकारानं तर डोळेही मिटले.

"अरे बाप्पा, काय करून राहिले तुम्ही?" बाबा उठले. फडकं सोडून हळदीनं पिवळा पडलेला कागद त्यांनी सगळ्यांना दाखवला. "हा मी लिहिला, देवानं नाही. मशीनची पूजा करा, याची कायले?" अन् पहिला हात त्यांनीच वर केला, माझ्याकडे बघत. माझा हात कधी वर गेला, मलाच कळलं नाही. मग बाकीचे. विरोधात एकही नाही.

नव्या नियमानं रामाकोन्याच्या त्या म्हातारबुवांनाच अध्यक्ष निवडलं. ते खुर्चीत बसायला तयार होईनात. बाबांनी हाताला धरून बसवलं अन् स्वतः खाली सतरंजीवर कास्तकारांत येऊन बसले.

वकील कागद आवरू लागले. बाबांना काहीतरी आठवलं. सवयीनं बोलायला गेले, तसेच थांबले. ज्यांच्या एका शब्दावर जिनिंग सुरू व्हायची, बंद व्हायची, ते माझे बाबा हात वर करून म्हणाले, "अध्यक्षसाहेब, मी बोलू का?"