वरच्या खोलीतल्या सिगारी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तशी गोष्ट साधीच वाटेल — कुणाच्या तरी पंधरा-वीस सिगारी खराब झाल्या, एवढंच. पण त्या कशा खराब झाल्या आणि त्यानंतर मी काय बोललो, ते मला एकट्यालाच माहीत आहे.

शामराव माझा मित्र. शिरोलीतल्या एका फौंड्रीत आम्ही सव्वीस वर्षं एकत्र काढली — तो विक्रीत, मी तपासणीत. परदेशी गिऱ्हाइकं यायची, त्यातल्या एकानं त्याला सिगारींची पेटी दिली आणि याला नाद लागला. ओढायचा नव्हे, वर्षाला दोन-तीन ओढायचा, त्याही गच्चीवर. नाद होता सांभाळायचा. सिगार कोरडी पडली की पान तडकतं, ओल जास्त झाली की बुरशी धरते, आणि फार उकडलं की पानातली किड्यांची अंडी फुटतात. म्हणून घट्ट झाकणाची लाकडी पेटी, आत ओल दाखवणारा काटा आणि डिस्टिल वॉटरमध्ये भिजवलेला स्पंज. ही पेटी वरच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात असायची, तिथं गारवा असतो म्हणून. वहिनींना तो वास सोसत नसे, पण त्यांनी कधी आडकाठी केली नाही.

मग शामरावला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्याचा पलंग खालच्या खोलीत आला आणि जिना कायमचा सुटला. डॉक्टरांनी सिगार बंद केली, तेही त्यानं मुकाट मान्य केलं. फक्त पेटीचं काम माझ्यावर सोपवलं. दर रविवारी मी वर जायचो, काटा बघायचो, स्पंज भिजवायचो, सिगारी खालवर करायचो. आणि एक खाली आणून त्याच्या डाव्या हातात द्यायचो. तो ती नाकाखाली धरायचा, बोटांनी हलकी दाबून बघायचा. पाच मिनिटं. आठवड्यातून तेवढंच हसतात, असं वहिनीच मला सांगायच्या.

उन्हाळा सुरू झाला होता. एका रविवारी माझ्या हातून स्पंजात पाणी जास्त झालं. पेटीला जरा वारा लागावा म्हणून झाकण उघडून ती मी पश्चिमेच्या खिडकीत ठेवली — दहा मिनिटांसाठी. तेवढ्यात बंगळूरहून जावयाचा फोन आला. मुलीला दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात हलवलं होतं. मी तसाच निघालो. पेटी आठवली ती बेळगाव ओलांडल्यावर. तेव्हा एक फोन केला असता तर? वहिनींनी कुणालाही वर पाठवलं असतं. पण शामराव म्हणणार, एवढं एक काम सांगितलं होतं... ते ऐकायचं नव्हतं मला. नाही केला फोन. त्यानंतर पाच आठवडे बंगळूरला राहिलो, तरी नाही केला.

परत आलो तेव्हा निम्म्या सिगारी तडकल्या होत्या. उरलेल्यांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं, आणि तळाशी तपकिरी भुकटी. मी सगळ्या एका पिशवीत भरल्या. पेटी पुसून कपाटात ठेवली आणि पिशवी खाली नेऊन स्कूटरच्या डिकीत टाकली. मग शामरावच्या समोर बसलो. त्यानं डावा हात पुढं केला.

तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं.

मी म्हणालो, "पेटी रिकामी हाय रे. वहिनींनी टाकल्या असतील, डॉक्टरांचं ऐकून."

"असतील" म्हणालो. तो शब्द मी विचार करून वापरला — म्हणजे उद्या अंगाशी आलं तर अंदाज होता म्हणता येईल. एवढी हुशारी होती. वहिनी तेव्हा आत चहा करत होत्या.

शामरावनं पुढं केलेला हात मागं घेतला. नंतर त्यानं वहिनींना विचारलं, त्या नाही म्हणाल्या, त्याला पटलं नाही. इतक्या वर्षांचा मित्र खोटं कशाला बोलेल? वर्षभर त्या त्याला घास भरवत होत्या. त्या दिवसापासून त्यानं त्यांच्या हातचा घास घेणं सोडलं. कामाच्या मावशी येईपर्यंत उपाशी बसून राहायचा.

पंधरा दिवसांनी वहिनींनी मला फाटकापाशी गाठलं. "भावजी, तुम्ही तरी सांगा की त्यास्नी. मी त्या पेटीला हात लावलेला न्हाय."

मी त्यांच्याकडं न बघता सांगतो म्हणालो. नाही सांगितलं. पुढचे चार महिने दर रविवारी त्याच्यापाशी बसलो, फौंड्रीच्या गप्पा मारल्या, चहा प्यालो. तो मला येऊ देणार नाही, याची भीती होती? होती. पण त्या भीतीची किंमत त्या घरात दुसरंच माणूस देत होतं, हेही दर रविवारी डोळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या झटक्यात तो गेला. तोवर तो वहिनींशी कामापुरतंच बोलत होता.

तेराव्याला घर भरलं होतं. जेवणाच्या आधी वहिनी पाहुण्यांना म्हणाल्या, "माझ्यावर रागवूनच गेले. कशावरनं, ते सांगून उपयोग न्हाय. पण भावजी होते, म्हणून त्यांचे रविवार तरी बरे गेले."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले आणि पंगतीला वाढायला उठलो.