केतकीचे उपवास

केतकी गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात सकाळची बैठक चालू होती. ताई, माझी थोरली बहीण, एवढंच म्हणाली, "अरे, हार्ट बंद पडलं म्हणतात." केतकी तिची मुलगी, माझी भाची. वय सव्वीस. हडपसरला आयटी कंपनीत नोकरी, राहायला विश्रांतवाडीत आईवडिलांकडे. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद आहे. ती चुकीची नाही, अपुरी आहे.

तिच्या आजाराला ॲनोरेक्सिया म्हणतात. कितीही वाळलं तरी जाड होण्याची भीती जात नाही आणि माणूस खाणं तोडत जातं. हे नाव आमच्या घरात यायला चार वर्षं लागली. तोवर आम्ही त्याला उपवास म्हणत होतो. कॉलेजात तिनं सोमवार धरला, मग चतुर्थी, मग गुरुवार, मग अख्खं नवरात्र. नातेवाइकांत कौतुक होतं. "आजकालच्या मुलींत एवढी श्रद्धा कुठे सापडते?" असं एका लग्नात चारचौघांत मीही म्हणालो होतो. केतकी समोरच बसली होती. तिच्या हातातला सरबताचा ग्लास भरलेलाच होता.

पहिले डॉक्टर पोटाचे. त्यांनी जेवणाखाण्याचं विचारलं तेव्हा ताईनं अभिमानानं सांगितलं, "उपवास फार करते हो." त्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. पाळी थांबली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी लग्न उरकून टाकायला सांगितलं. तिसऱ्यांकडे मी बरोबर होतो. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले. "सगळं नॉर्मल आहे. दोन पोळ्या जास्त खात जा, बाळ." जिना उतरताना केतकी म्हणाली, "मामा, औषध मिळालं. दोन पोळ्या, जेवणानंतर." मी हसलो. आम्ही सगळेच तिच्या बोलण्यावर हसायचो.

आजाराचं नाव सांगितलं ते एका तरुण मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी. यावर उपचार आहेत, मुली बऱ्या होतात, पण मानसोपचार, आहार आणि शरीराचे डॉक्टर यांनी मिळून महिनोन्महिने काम करावं लागतं, असं त्या म्हणाल्या. "अशी टीम माझ्याकडे नाही." त्यांनी दोन ठिकाणं सुचवली. एक दुसऱ्या शहरात होतं, तिथे नवे पेशंट घेणं बंद होतं. दुसरीकडे चार महिन्यांनंतरचा नंबर मिळाला. त्याची वाट पाहत असतानाच केतकी घरात चक्कर येऊन पडली.

बातमीदाराला रुग्णालयात खाट मिळवता येते, असा आमच्या घरात समज आहे. तो खरा आहे. एका फोनवर मी खाट मिळवली. मेडिसिन विभागानं सलाइन लावलं, रक्तातले क्षार जागेवर आणले आणि पाचव्या दिवशी सांगितलं, "आमचं काम झालं. आता मानसोपचार विभागात न्या." मानसोपचार विभागानं नाडी पाहिली. "एवढ्या अशक्त पेशंटला इथे ठेवता येणार नाही. आधी मेडिसिनला दाखवा." दोन्ही विभाग एकाच मजल्यावर, मध्ये लांब व्हरांडा. फाइल घेऊन मी तीनदा ये-जा केली. केतकी व्हीलचेअरवर होती. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "मला खायचंय रे मामा. खरंच खायचंय. हात पुढे जात नाही." मग, "तुझी अजून एखादी ओळख?"

नव्हती. मी खाट मागितली होती. त्या खाटेवर तिला बरं कोण करणार, हे विचारलंच नव्हतं. आम्ही तिला घरी आणलं. अकराव्या दिवशी ती गेली. तेव्हा तिचा नंबर यायला सहा आठवडे बाकी होते.

तेराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ करतात. स्वयंपाकाच्या काकूंनी रिवाजानं विचारलं, "मुलीच्या आवडीचं काय करू?" कुणालाच सांगता येईना. तिच्या आत्या म्हणाल्या, "साबुदाण्याची खिचडी करा. उपवास किती करायची." ताई उठून आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि म्हणाली, "बेरी. तूप कढवलं की पातेल्याच्या तळाची बेरी साखर घालून खायची. चौथीत असेपर्यंत."

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा ताईनं तूप कढवलं होतं. साखर घातलेल्या बेरीची वाटी तिनं माझ्यापुढे सरकवली. "खा," म्हणाली. वाटी रिकामी होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.