कोऱ्या मशीनमधलं वजन

भूत-प्रेत, संकेत वगैरे मी मानत नाही. कोणी सांगू लागलं की पहिली खिल्ली मीच उडवते. तरी हे लिहून राहिली...

रायपूरला शंकर नगरमध्ये आमचं छोटं ऑफिस आहे, मी तिथे सॉफ्टवेअर टेस्टर. आम्ही कॉम्प्युटरच्या आत दुसरा, खोटा कॉम्प्युटर बनवतो — व्हर्च्युअल मशीन. त्यात सॉफ्टवेअर टाकायचं, हवं तेवढं बिघडवायचं, मग एक बटण दाबलं की मशीन पुन्हा कोरं. आधीचं काही म्हणजे काहीच उरत नाही.

तेव्हा काम होतं नवजात बाळांच्या औषधाचा डोस काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं. सोमवारपासून ते ज्या हॉस्पिटलात लागणार होतं, तिथेच माझी धाकटी बहीण सोनू भरती होती. सातवा महिना, बीपी वाढलेलं. "ताई, मले लय भेव वाटून राहिलं," फोनवर एवढंच म्हणायची.

शनिवारी दुपारी मशीन कोरं केलं, फॉर्म उघडला... वजनाच्या रकान्यात आधीच ९४० ग्रॅम. पुसलं, परत कोरं केलं. परत ९४०. नेटवर्क बंदच होतं, कीबोर्डही बदलून पाहिला. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या नितीनला बोलावलं. पोट्ट्याला मराठी समजते, पण उत्तर हिंदीतच.

"दीदी, आपने ही डाला होगा."

"मी? काहून टाकू रे?"

खरंच टाकलं नसतं. टेस्टिंगला घरच्यांचीच नावं टाकायची आमच्याकडे सवय. सगळ्या खोट्या बाळांच्या आया म्हणजे आमच्या बहिणी, वहिन्या. मग वजनही सगळे अडीच, तीन किलोच टाकत. घरच्या नावापुढे अशुभ कोण लिहील? किलोच्या खालचं वजन कोणी तपासलंच नव्हतं, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

नितीनने ते ९४० तसंच ठेवून डोस काढला. आला, असायला पाहिजे त्याच्या दहापट.

त्याने कागदावर हिशोब करून परत ताडून पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "दीदी, सर को फोन लगाओ."

सोमवारचं थांबलं, चूक सुधारली. त्यानंतर मशीन कितीदा कोरं केलं, रकाना रिकामाच. अंगावर काटा आला, पण भीती नव्हती... कोणीतरी मायेनं हात धरल्यासारखं वाटलं. कोणी, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात सोनूला मुलगी झाली. किलोच्याही खाली. आता घरभर पळते. नेमकं वजन डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं आहे, सोनूने दोनदा समोर धरलं... मी अजून वाचलेलं नाही.