‘येते’ म्हणाले होते

बाबा गेले आणि माझी झोप गेली. अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेलमधल्या अपार्टमेंटमध्ये रात्ररात्र टक्क जागी असायचे आणि सुट्टीच्या दिवशी सिएटलच्या चौकात उभी राहून इराक युद्धाविरुद्धची पत्रकं वाटायचे. पत्रकांवरच मी वाढले. पुण्यात बाबा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहायचे, आई घड्या घालायची आणि मी ती दारोदार वाटायचे. मुहूर्त, नवस, आडवी जाणारी मांजर, काही म्हणून त्यांनी सोडलं नाही. एकच गोष्ट त्यांच्या हातून निसटली होती. निघताना मी "जाते" म्हटलं की ते चष्म्यावरून बघत.

"येते म्हण."

"बाबा, ही अंधश्रद्धा नाही का?"

"नाही, ही सवय आहे. म्हण."

शेवटच्या फोनवरही ते म्हणाले होते, "बरं, येतो." मी पुण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून मी जणू कुणाची तरी वाट बघत जागी होते.

पुढे पत्रकं वाटतानाही हात थरथरायला लागले. आमच्या ओळखीचे नागपूरचे निवृत्त डॉक्टरकाका म्हणाले, "गोळ्या पुरे झाल्या गं. लाँग लीव्ह टाक. हिमालयात, अल्मोड्याच्या पुढे माझ्या माहितीतल्या एक माताजी ध्यान शिकवतात. जाऊन राहा तिथं."

"जग जळत असताना डोळे मिटून बसू? सॉरी काका, मला नाही जमणार."

"आणि डोळे सताड उघडे ठेवून काय विझवलंस, ते सांग."

मला भयंकर राग आला. त्याच रागाच्या भरात मी तिकीट काढलं.

गाव डोंगराच्या उतारावर होतं. दगडी पाट्यांची छपरं, चीडाची, म्हणजे पाइनची, झाडं आणि आभाळ मोकळं असलं की समोर हिमशिखरं. मी एका विधवा बाईंच्या घरात खोली घेतली. तिकडे आईला ईजा म्हणतात. या बाई साऱ्या गल्लीच्या ईजा होत्या. माझं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या मला "अमरीका" म्हणू लागल्या. ज्या देशाच्या सरकारविरुद्ध मी घसा कोरडा करत होते, त्याच देशाच्या नावानं मला सकाळी चहाला बोलावलं जाई! मी चिडले की ईजा आणखी मोठ्यानं हाक मारत.

माताजी फार बोलत नसत. त्या एवढंच सांगत, "बैठो. जो आए, आने दो." मला यायचा तो संताप. मी वाद घातले, न्यायाबद्दल, युद्धाबद्दल. त्या सगळं नीट ऐकून घेत, कधी "सच है" म्हणत, आणि पुन्हा बसायला सांगत. इतकी न रागावणारी बाई मी पाहिली नव्हती. पण झोप काही आली नाही. शेवटी एका दुपारी मी पाठीवर पिशवी टाकली. आपल्याला हे साधणार नाही, परत जायचं, हे मनाशी पक्कं झालं होतं. ईजा मागच्या अंगणात लाकडं रचत होत्या. डोळ्याला डोळा भिडवायचं धैर्य नव्हतं, म्हणून ओसरीवरूनच म्हणाले, "ईजा, मैं आती हूँ."

जीपच्या अड्ड्याकडे जाणारी जंगलातली पायवाट मी धरली. धुकं उतरलं. चीडाच्या वाळक्या, गुळगुळीत सुयांवरून पाय सटकला आणि मी घसरत खालच्या घळीत गेले. घोटा मुरगळला होता, उभं राहवेना. मोबाइलला रेंज नव्हती. मी ओरडले, रडले, स्वतःवर, काकांवर, देशांवर संतापले. मग संतापही संपला. माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नाही. "आता जे येईल ते येऊ दे," असं मनात आलं, आणि ते माताजींचे शब्द आहेत हे नंतर लक्षात आलं. आतलं सगळं शांत झालं. धुक्यातून पाण्याचे थेंब पानांवर पडत होते, मी नुसती ऐकत होते. वाट बघणंही थांबलं होतं.

त्या शांततेत हाक आली. "ओ अमरीका! अरी ओ अमरीका!"

ईजा हातात काठी घेऊन, दोन शेजाऱ्यांना पुढे घालून आल्या होत्या. मला पाहताच त्यांनी तोंड सोडलं, "चाय तीन बार गरम की मैंने! आती हूँ बोलके ऐसे कोई जाता है?"

"ईजा, मैं तो जा रही थी... हमेशा के लिए."

"तो जाती हूँ बोलती ना! तू बोली आती हूँ. मैं दरवाज़ा खुला छोड़के बैठी हूँ."

आमच्या निरोपाचा शब्द त्यांनी शब्दशः घेतला होता. शेजाऱ्यांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत चालताना मी हसत होते आणि रडत होते. बाबांनी आयुष्यभर सगळं तपासून फेकून दिलं. जी एक सवय न तपासता हाती दिली, तिनंच मला घळीतून वर काढलं. याला कृपा म्हणावं की गैरसमज, यावर मी पत्रक लिहिणार नाही. घरी चहा प्यायले, चुलीजवळ आडवी झाले, आणि ईजांनी उठवलं तेव्हा खिडकीत उन्हं आली होती.

मी राहिले. वसंतापर्यंत माताजींसमोर बसत राहिले. आता बॉथेलमध्ये रोज सकाळी ध्यानाला बसते आणि सुट्टीच्या दिवशी त्याच चौकात पत्रकं वाटते. हात थरथरत नाहीत. जग बदलायची धग तशीच आहे, पण सगळा भार एकट्या माझ्या खांद्यावर आहे हा गर्व त्या घळीतच राहिला. आपण कुणाच्या भरवशावर चाललो आहोत, हे आपल्यालाच ठाऊक नसतं; पाय थकले की त्या भरवशावर स्वतःला सोडून द्यावं.

गाव सोडताना, या वेळी समजून उमजून, ईजांच्या पाया पडले आणि म्हणाले, "आती हूँ."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "सच्ची वाली, या तेरी वाली?"

मी पिशवी पाठीवर टाकली. त्या म्हणाल्या, "चल, कोई बात नहीं. दरवाज़ा तो खुला ही है."