दुपट्ट्याखालचा हात

त्या आठवड्यात भावाचा अकोल्याहून दोनदा फोन आला. बाबांची वाचा गेली होती, डावा हातही गेला होता, आणि डॉक्टर काही खरं सांगत नव्हते.

"येऊन जाय ना बाई," तो म्हणाला.

"येईन. पण आधी त्यायले इचार, माह्या लग्नात काय ठरलं होतं."

"त्यायले बोलता येत नाही."

"मंग मलेई येता येत नाही."

मी अमरावतीत भाजीची गाडी लावून शिकले आणि आता दहावी-बारावीला मराठी शिकवते. पहिल्या शब्दावर मी कधी कुणाला होकार दिलेला नाही. आणि ही घासाघीस मला बाबांनीच शिकवली होती.

बाबा बैलबाजारात दलाल होते. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. नियम एकच. सौदा होईपर्यंत दुपट्टा उचलायचा नाही. ज्याने उचलला त्याने मोडला. लहानपणी बाबा ओसरीवर माझा हात दुपट्ट्याखाली घेऊन हा खेळ शिकवायचे. संपला की माझ्या अनामिकेच्या पेरावर अंगठ्याने दोनदा दाबायचे. झालं, जा आता, असा त्याचा अर्थ. ती खूण आम्हा दोघांचीच.

मी अकरावीत असताना त्याच दुपट्ट्याखाली, बैलबाजारात, एका व्यापाऱ्याच्या मुलाशी माझं लग्न ठरलं. आत काय ठरलं, बाबांनी काय मागितलं नि काय कबूल केलं, ते मला कुणी सांगितलं नाही. विचारलं तर एकच उत्तर, "ठरलं ते ठरलं." दोन वर्षांनी मी ते घर सोडून आले आणि बाबांशी बोलणं बंद केलं. केस पिकले तरी बंदच होतं.

त्या दुपारी बारावीच्या मुलांसमोर मी एक भयकथा ठेवली. मुद्दाम बैलबाजाराची निवडली होती. एक व्यापारी बाजार उठल्यावर पोचतो. भर उन्हात सगळं मैदान रिकामं, फक्त एक माणूस तोंडावर फडकं घेऊन पांढऱ्या बैलाजवळ बसलेला. दुपट्टा पडतो. आतला हात गार असतो. तो बोटं दाबत नाही, नुसता धरून ठेवतो. व्यापारी घाबरून दुपट्टा फेकतो, तर समोर फक्त खुंटा.

"भीती सुरू कुठं होते? ओळ दाखवा," मी म्हटलं.

"शेवटी, मॅडम. खुंटा दिसतो तिथं."

"शेवट तर रिक्षावालाही सांगेल! परीक्षक काय तुमचा मामा लागून राहिला?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "भुतापेक्षा मॅडमचीच भीती वाटते बे." वर्ग हसला. मी खडू आपटला.

वलगावहून येणारी एक मुलगी कधी बोलत नसे. तिने हात वर केला. "मॅडम, तो भाव सांगत नाही, तिथं. भाव सांगितला असता तर तो माणूसच वाटला असता."

"विकायचं नसंल त्याले," दुसरा म्हणाला.

"मंग बाजारात काहून बसला?" ती म्हणाली. "काहीतरी सांगायचं असंल. तोंड नाही त्याले, हात आहे. अन् व्यापाऱ्यानं ऐकून न घेताच दुपट्टा फेकला."

 

मी विषय बदलला. हा सौदा कसा करतात ते दाखवते म्हणाले, तिलाच पुढे बोलावलं आणि तिची ओढणी आमच्या हातांवर टाकली. एक बोट, दोन बोटं, मूठ. मुलांकडे बघत मी समजावत होते. बोलता बोलता आतला हात गार लागला. मग अनामिकेच्या पेरावर अंगठा दाबला गेला. एकदा. पुन्हा एकदा.

"हे तुले कोणं शिकवलं?" मी ओरडले.

ती दचकली. "काय, मॅडम?" तिचे दोन्ही हात टेबलावर होते. "तुमी मूठ दाखवली तेव्हाच मी हात काढला ना."

मी ओढणी झटकली. खाली माझाच हात होता, उघडा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अकोल्याच्या बसमध्ये बसले. कोणतीही अट न घालता मी निघाले होते, तेही आयुष्यात पहिल्यांदा.

बाबा खिडकीजवळच्या खाटेवर होते. उशाशी त्यांचा जुना दुपट्टा घडी करून ठेवलेला. मला पाहून डोळे हलले, बाकी काही नाही. भाऊ बाहेर गेल्यावर मी दुपट्टा उलगडला आणि घाईत जो हात जवळ होता त्यावरच टाकला. माझा हात आत सरकवला.

"सांगा," मी म्हणाले. "काय ठरलं होतं?"

बराच वेळ काहीच झालं नाही. मग गार बोटं माझ्या बोटांभोवती आली. मी सवयीने मोजायला लागले, पण मोजण्यासारखं काही नव्हतं. ती दाबत नव्हती. माझा पंजा धरून राहिली होती.

वहिनी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "बाई, तो हात नाही ओ, तो डावा. त्यात जीव नाही. डॉक्टरनं सुई टोचली तरी हलला नव्हता."

"असू द्या," मी म्हणाले.

"चहा घेता ना?"

"ठेवा."

ती दुपट्टा सारखा करायला पुढे आली, तर मी तिच्यावर खेकसलेच, "हात लावू नका!" बिचारी मागे सरली. चहावर साय धरली. उन्हाची तिरीप खाटेवरून भिंतीवर गेली. माझ्या अनामिकेवर अजून अंगठा दाबला गेला नव्हता, आणि तो दाबला जाईपर्यंत दुपट्टा उचलायचा नाही, एवढं मला ठाऊक होतं.