बाजूने पाहिलेला गुडघा

पाट्या रंगवण्यात पेंटरचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण छापील पाट्या आल्यापासून त्यांच्या हाताला कामच उरलं नाही. म्हणून हाडांच्या नव्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी गुडघ्याचं चित्र मागितलं, तेव्हा त्यांनी सगळं ऐकायच्या आधीच मान डोलावली. गुडघा बाजूने दिसायला हवा होता. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, दोहोंमध्ये मऊ गादी, पुढे वाटी. हा जमला, तर खांदा, कोपर, टाच, सगळं पेंटरकडेच येणार होतं.

“हाडं पुस्तकातून घ्या,” डॉक्टर म्हणाले, “बाहेरची रेघ मात्र खऱ्या पायावरून.”

पेंटरनी घरी येऊन बायकोला स्टुलावर बसवलं. ती भांडी पुसत होती.

“तीस वर्षांत माझ्या पायाकडे बघितलं नाहीत. आज काय सुचलं?”

“काम आहे. वाटी जरा पुढे कर.”

तिने हातातली वाटी पुढे केली.

“अगं, गुडघ्याची.”

“मग तसं सांगा की.”

“आता पाय सरळ कर.”

“केलाय. याच्यापुढे होत नाही. वर्षभर सांगतेय, दुखतो म्हणून.”

“तुझा गुडघा जिना दिसला की दुखतो,” असं म्हणत पेंटरनी पेन्सिलीला टोक केलं.

पण त्यांची पेन्सिल भिडस्त नव्हती. एका दुकानदाराची हनुवटी होती तशीच दुहेरी पाटीवर काढून त्यांनी ते गिऱ्हाईक कायमचं घालवलं होतं. गुडघाही त्यांनी दिसला तसाच उतरवला.

दोन दिवसांनी चित्राची फळी डॉक्टरांच्या टेबलावर आली. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले.

“हाडं छान आलीत. हा पाय कुणाचा?”

“घरातलाच. चुकला का?”

“चुकला नाही, तीच तर पंचाईत आहे. वाटीच्या वर सूज आहे, पाय पुरता सरळ होत नाही. यांना जिना चढताना चांगलंच दुखत असणार.”

पेंटरनी बायकोच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नव्हता, पण स्वतःच्या हातची रेघ खोटी म्हणायची सोय नव्हती.

“मग चित्र परत नेऊ?” त्यांनी हळूच विचारलं.

“चित्र राहू द्या, बाईंना घेऊन या. आणि शेजारी लावायला एक धडधाकट गुडघा काढा. मग खांद्याचं बघू.”

बायकोला औषध मिळालं आणि तिचा जिना बंद झाला. पाण्याच्या बादल्या आता पेंटरच वर नेतात. दुसऱ्या चित्रासाठी स्टुलावर तेच बसले. बायकोने खुर्चीत टेकून त्यांच्या पायाच्या बाजूला आरसा धरला.

“हलू नका.”

“अगं, दुखायला लागला गुडघा.”

“का?” ती आरसा न हलवता म्हणाली. “जिना दिसला की काय कुठे?”