पिवळं झबलं
आज पेटीतनं थोरलीचं पिवळं झबलं काडलं, त्याला अजून कोऱ्या कापडाचा वास हाय, त्या वासानं मी बारामतीच्या दुकानात जाऊन बसले बघा. थोरली तवा मांडीवर मावायची, तिला पहिल्यांदा मोरगावला देवाच्या पायावर घालायची व्हती, जाऊबाई मला घेऊन गेल्या, म्हनल्या, "तुझ्या पसंतीनं घे." माझ्या पसंतीनं तवर कायच घेतलं नव्हतं, चुकलं म्हंजी? दुकानदार गुलाबी, निळी, सशाची, होडीची झबली गादीवर टाकतच ऱ्हायला, वरनं पंख्याचा वारा, समदे रंग पान्यावानी हालत व्हते, मी त्यात बुडाल्यावानी बसलेली. "ताई, अजून दावू का?" "दावा की." जाऊबाई हसल्या, "अगं, नवरा एकच दावला तर गपगुमान पदरात घेतलास, आन् झबल्याला येवढा इचार!" तेवढ्यात आमच्या सांगवीच्या येष्टीची येळ झाली, घाबरून हाताला आलं ते पिवळं घेतलं. वाटंनं खिडकीबाहेर ऊस पळत व्हता आन् मला त्यात निळंच झबलं दिसायचं. देवळात समदी म्हनली, पोर सोन्यावानी दिसती, मला वाटायचं, निळ्यात अजून दिसली असती. परत काय मी ते तिला घातलं न्हाय. आज धाकटीची कापडं वाळली न्हाईत, दुसरं घरात नव्हतंच, म्हनून घातलं. ती बोळकं पसरून हासली, लई गोड दिसली, आन् मी ते निळं आठवाय गेले तर आठवंचना.